गिटारचा खर्ज जातो कुठे?

कॉलेजच्या गॅदरिंगमध्ये, गणेशोत्सवातल्या ऑर्केस्ट्रात किंवा एखाद्या हौशी बँडच्या तालमीत इलेक्ट्रिक गिटार आपण सगळ्यांनीच ऐकली आहे. अशा ठिकाणी कार्यक्रमाआधी एक संवाद हटकून कानावर येतो. गिटार वाजवणारा म्हणतो, ‘‘आवाज फार पातळ येतोय, जरा बेस वाढवा.’’ कुणीतरी बेसचा नॉब पुढे सरकवतो. आवाज घुमायला लागतो, कुठली तरी फळी खडखडते, पण जाड तारांना जे वजन हवं ते काही येत नाही. मग निष्कर्ष ठरलेला! अ‍ॅम्प्लिफायर लहान आहे, मोठा घ्यायला हवा. आणि मोठा अ‍ॅम्प्लिफायर म्हणजे घरच्यांच्या खिशाला आणखी काही हजारांची चाट.

आज मला सांगायचं आहे ते एवढंच, की बहुतेक वेळा स्पीकर खर्ज पुरेसा तयार करत असतो. पण तो आपल्या कानापर्यंत पोहोचण्याआधीच वाया जातो. गळक्या बादलीखाली नळ कितीही मोठा सोडला तरी बादली भरत नाही. आधी गळती शोधावी लागते. ही गळती असते स्पीकरच्या पेटीत. पेटी म्हणजे इथे हार्मोनियम नव्हे बरं का, स्पीकर ज्यात बसवलेला असतो तो लाकडी बॉक्स, ज्याला वाजवणारी मंडळी कॅबिनेट म्हणतात.

थोडे आकडे पाहू. गिटारची सर्वांत जाड तार मोकळी छेडली, की ती सेकंदाला सुमारे 82 वेळा कंप पावते. आपण त्याला 82 हर्ट्झ म्हणतो. बेस गिटारची सर्वांत जाड तार त्याच्याही एक सप्तक खाली, म्हणजे 41 हर्ट्झला बोलते. हवेत आवाज सेकंदाला साधारण 343 मीटर जातो. त्यामुळे 82 हर्ट्झच्या आवाजाची एक लाट चार मीटरहून थोडी लांब असते, म्हणजे घरातल्या एखाद्या भिंतीएवढी. आणि ही लाट निर्माण करणारा स्पीकर केवढा? बारा इंच, म्हणजे जेमतेम एक फूट. उलट 2000 हर्ट्झच्या तीव्र स्वराची लाट फक्त 17 सेंटिमीटरची असते. ती बाणासारखी सरळ पुढे जाते. खर्जाची लांब लाट मात्र पेटीला वळसा घालून सगळीकडे पसरते. सगळा घोटाळा इथेच होतो.

स्पीकरचा कागदी पडदा पुढे आला, की समोरची हवा दाबली जाते. पण त्याच क्षणी पडद्यामागची हवा विरळ होते. म्हणजे पुढे जेवढा आवाज, तेवढाच मागेही, फक्त उलट. मागची लाट वळसा घालून पुढे आली, की पुढच्या दाबाला मागची पोकळी भेटते आणि दोन्ही एकमेकांना खाऊन टाकतात. तीव्र स्वर यातून वाचतात, कारण ते वळसा घालत नाहीत. खर्ज मात्र संपतो.

हे घरी पडताळून पाहता येईल. जुन्या रेडिओतला एखादा सुटा स्पीकर घ्या आणि तो उघडाच वाजवा. आवाज किरकिरा, डबा वाजल्यासारखा येईल. मग एका मोठ्या पुठ्ठ्याला स्पीकरच्या मापाचं भोक पाडा आणि स्पीकर त्यावर मागून दाबून धरा. आवाज एकदम भरून येईल. स्पीकर तोच, वीज तेवढीच. पुठ्ठ्याने एवढंच केलं, की मागच्या लाटेची पुढे येण्याची वाट लांबवली.

मग प्रश्न असा पडतो, की हे माहीत असताना गिटारच्या कितीतरी पेट्या मागून उघड्या का असतात? याचं उत्तर इतिहासात आहे. कॅलिफोर्नियातल्या लिओ फेंडर यांनी 1951 मध्ये ‘प्रिसिजन बेस’ ही बेस गिटार बाजारात आणली आणि पुढच्याच वर्षी तिच्यासाठी ‘बेसमन’ नावाचा अ‍ॅम्प्लिफायर काढला. पन्नाशीच्या दशकाच्या मध्यापासून त्यात दहा इंची चार स्पीकर बसवले गेले. अ‍ॅम्प्लिफायर आणि स्पीकर एकाच पेटीत, आणि पेटी मागून उघडी. त्या काळचे अ‍ॅम्प्लिफायर व्हॉल्व्हचे. व्हॉल्व्ह दिव्यासारखे तापतात, त्यांना वारा लागतो. शिवाय मागून उघडी पेटी वजनाला हलकी, दुरुस्तीला सोयीची आणि मागे बसलेल्या ड्रमवाल्यालाही आवाज देणारी. गंमत अशी, की बेससाठी काढलेला हा अ‍ॅम्प्लिफायर साध्या गिटारवाल्यांनाच जास्त आवडला. खुद्द बेस गिटारला ती उघडी पेटी पुरत नव्हती. म्हणून 1961 च्या सुमारास फेंडरने बेसमनचा स्पीकर वेगळ्या, मागून बंद असलेल्या पेटीत नेला.

तिकडे लंडनच्या हॅनवेल भागात जिम मार्शल यांचं ड्रमचं दुकान होतं. 1962 च्या सुमारास त्यांच्या माणसांनी बेसमनच्याच आराखड्यावरून स्वतःचा अ‍ॅम्प्लिफायर बांधला. प्रश्न होता स्पीकरचा. सेलेस्टियन कंपनीचे तेव्हाचे बारा इंची स्पीकर वीस-पंचवीस वॉटच सोसत. एक लावला की फाटायचा. म्हणून त्यांनी चार स्पीकर एका चौकोनी, मागून बंद पेटीत बसवले. रॉक संगीताच्या मंचावर भिंतीसारख्या रचलेल्या ज्या काळ्या पेट्या आपण चित्रांत पाहतो, त्या याच. त्यांचा आवाज छातीवर थाप बसावी तसा येतो. चार पडद्यांचं क्षेत्रफळ मोठं म्हणून ते जास्त हवा ढकलतात, आणि मागची लाट बंदिस्त राहिल्यामुळे पुढच्या लाटेला खायला येत नाही.

पण बंद पेटी फुकट मिळत नाही. सायकलच्या पंपाच्या तोंडावर बोट ठेवून दांडा दाबून पाहा. आतली हवा स्प्रिंगसारखी उलट ढकलते. बंद पेटीतली हवाही पडद्याला अशीच ढकलते. पेटी जेवढी लहान, तेवढी ही स्प्रिंग ताठ. प्रत्येक स्पीकरला त्याचा स्वतःचा एक सूर असतो. त्या सुराखाली त्याचा आवाज झपाट्याने उतरतो. गिटारच्या अनेक बारा इंची स्पीकरचा हा सूर 75 हर्ट्झच्या आसपास असतो. पेटीतल्या हवेची स्प्रिंग पडद्याच्या स्वतःच्या ताणाएवढीच ताठ झाली, तर हा सूर 75 वरून सुमारे 106 वर चढतो. म्हणजे गिटारच्या सर्वांत खालच्या स्वरांची जागाच गेली! म्हणूनच चिमुकल्या बंद पेटीत महागडा स्पीकर घातला, तरी निराशा पदरी येते. अमेरिकेतल्या एडगर व्हिलचर यांनी 1954 मध्ये घरगुती स्पीकरसाठी यावर युक्ती काढली. त्यांनी पडदाच मुद्दाम सैल ठेवला आणि ताण देण्याचं काम बंद हवेवर सोपवलं. लहान पेटीतून खोल खर्ज निघाला. पण गिटारचा स्पीकर ताठ पडद्याचा आणि मोठ्या आवाजाचा असतो. त्याला ही युक्ती मानवत नाही. त्याला जागाच हवी.

तिसरा मार्ग आहे पेटीला मोजून-मापून भोक पाडण्याचा. गोव्याचं घुमट आठवा. 2019 मध्ये गोवा सरकारने राज्याचं वारसा वाद्य म्हणून जाहीर केलेलं हे मातीचं वाद्य. एका तोंडावर चामडं ताणलेलं, दुसरं तोंड उघडं. वाजवणारा उघड्या तोंडावर हात ठेवून, काढून आवाजाचा खोलपणा बदलतो. आतली हवा आणि ते तोंड मिळून एक सूर धरतात. रिकाम्या बाटलीच्या तोंडावर फुंकर घातली की जो ‘भों’ आवाज येतो, त्याचंही तत्त्व हेच. स्पीकरच्या पेटीत या तत्त्वाचा वापर अमेरिकेतल्या बेल प्रयोगशाळेच्या अल्बर्ट थुरास यांनी केला. त्यांनी 1930 मध्ये अर्ज केला आणि 1932 मध्ये त्यांना पेटंट मिळालं. भोकातली हवा अशी डोलते, की मागची वाया जाणारी लाट उलटून, पुढच्या लाटेच्या जोडीने बाहेर पडते. शत्रूलाच आपल्या बाजूला वळवण्यासारखं झालं हे!

तरी भोक कुठल्या मापाचं, हा अनेक वर्षं अंदाजाचाच मामला होता. ऑस्ट्रेलियातल्या नेव्हिल थील यांनी 1961 मध्ये आणि रिचर्ड स्मॉल यांनी सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला त्याचं नेमकं गणित मांडलं. आज स्पीकरच्या माहितीपत्रकात जे बारीक आकडे छापलेले असतात, त्यांना या दोघांचंच नाव आहे. अमेरिकेत गिटारवाल्यांनी तर एका बारा इंची स्पीकरच्या, भोक असलेल्या आटोपशीर पेटीलाच ‘थील’ हे नाव देऊन टाकलं.

एक उदाहरण देतो. साठ लिटरची पेटी घ्या. तिच्या 18 मिलिमीटर जाडीच्या फळीला दहा सेंटिमीटर व्यासाचं भोक पाडलं, तर पेटीचा सूर साधारण 60 हर्ट्झवर बसतो. त्याच भोकात दहा सेंटिमीटर लांबीचा पीव्हीसी पाइप बसवला, तर तो 47-48 वर उतरतो. पाइप लांब, सूर खाली. भोक मोठं, सूर वर. पेटी मोठी, सूर खाली. आता कुणी म्हणेल, मग लांब पाइपच चांगला. पण नेहमीच्या जुळणीतली गिटार 82 च्या खाली उतरतच नाही. 47 ला जुळवलेली पेटी तिच्या काय कामाची? शिवाय पेटीच्या सुराखाली पडद्याला हवेचा आधार राहत नाही. तो नुसताच फडफडतो आणि फाटू शकतो. म्हणून स्पीकरचे आकडे हाती नसताना करवत उचलू नये. आणि गिटारच्या स्पीकरवर बेस गिटार तर मोठ्या आवाजात कधीच वाजवू नये. गिटार-स्पीकरचा पडदा मिलिमीटरभर हलायलाच केलेला असतो.

हे सगळं ऐकून ज्यांना स्वतःच्या पेटीवर काही करायचं आहे, त्यांच्यासाठी आता क्रमाने सांगतो. सर्वांत स्वस्त उपाय आधी.

पहिला उपाय बिनखर्चाचा. पेटीची जागा बदला. खुर्चीवर ठेवलेली पेटी जमिनीवर ठेवा. जमीन खालून आवाज परतवते आणि खर्जात भर पडते. उघड्या हवेच्या तुलनेत एकट्या जमिनीने ही भर जास्तीत जास्त 6 डेसिबलची होऊ शकते. एरवी तेवढ्या वाढीसाठी अ‍ॅम्प्लिफायरची ताकद चौपट करावी लागते! मागे भिंत असेल तर आणखी भर, कोपऱ्यात त्याहून जास्त. मात्र कोपऱ्यात काही स्वर बेसुमार घुमतात, तेव्हा फूटभर पुढे-मागे सरकवून ऐकावं. मागून उघडी पेटी भिंतीला चिकटवू नये. थोडं अंतर ठेवून कानाने ठरवावं.

दुसरा उपाय एका टॉर्चच्या सेलचा. पेटीत दोन किंवा चार स्पीकर असतील आणि दुरुस्तीत एखाद्याच्या वायरी उलट जोडल्या गेल्या असतील, तर एक पडदा पुढे जाताना दुसरा मागे जातो. खर्ज जागच्या जागी मरतो. स्पीकर फुटलेला नसतो, आवाजही येतो, त्यामुळे कुणाला शंका येत नाही. अ‍ॅम्प्लिफायरची वायर काढून टाका. दीड व्होल्टचा सेल पेटीच्या दोन टोकांना क्षणभर टेकवा आणि सगळे पडदे एकाच दिशेला हलतात का ते पाहा. एखादा उलट हलला, तर त्याच्या दोन वायरींची अदलाबदल करा. काम झालं.

तिसरा उपाय फटी बुजवण्याचा. बंद पेटीची मागची फळी नीट बसलेली नसेल, स्क्रू सैल असतील किंवा वायरच्या सॉकेटभोवती फट असेल, तर हवा फुसफुसते आणि बंद पेटीचा फायदा जातो. फळीखाली फोमची पट्टी चिकटवा आणि सगळे स्क्रू सारखे आवळा. मग बोटाच्या पेराने फळ्या ठोकून पाहा. ढोलकीसारखी वाजणारी फळी पडद्याची ताकद स्वतःच खाते. मधोमध पुढची आणि मागची फळी जोडणारा लाकडी टेकू द्या. मार्शलच्या चार स्पीकरच्या पेटीतही असा टेकू असतो.

चौथा उपाय उघडी पाठ झाकण्याचा. आधी जाड पुठ्ठा लावून फरक ऐका. पटलं तर सुताराकडून 18 मिलिमीटरचं प्लायवूड कापून घ्या. पण अ‍ॅम्प्लिफायर त्याच पेटीत असेल, तर वरची वाऱ्याची जागा मोकळी राहिलीच पाहिजे. बंद पेटीत उशीत भरतात तसा पॉलिस्टरचा कापूस सैलसर भरला, तर पेटी जरा मोठी असल्यासारखी वागते. काचेची लोकर मात्र टाळा, ती अंगाला खाजते आणि श्वासातही जाते.

भोक पाडण्याचा उपाय पाचवा आणि शेवटचा, तोही हिशेब करून. आणि एक गोष्ट बजावून सांगतो. या सगळ्यात अ‍ॅम्प्लिफायर उघडायची गरज कुठेही नाही. व्हॉल्व्हच्या अ‍ॅम्प्लिफायरमध्ये वायर काढल्यावरही जिवावर बेतेल इतका दाब शिल्लक राहतो. तो स्पीकर न जोडता चालूही करू नये, आणि नवे स्पीकर लावताना ओहमचा आकडा अ‍ॅम्प्लिफायरवर लिहिलेल्या आकड्याशी जुळवूनच लावावेत.

आता शेवटचा मुद्दा. नेमका किती खर्ज हवा? आपला कान या बाबतीत जरा फसवा आहे. बेल प्रयोगशाळेतल्या फ्लेचर आणि मन्सन यांनी 1933 मध्येच दाखवून दिलं, की हळू आवाजात माणसाला खर्ज फार कमी ऐकू येतो. घरी हळू वाजवताना म्हणून आपण बेस वाढवतो, आणि तोच नॉब तसाच ठेवून मंचावर गेलो, की सगळा चिखल होतो. तेव्हा सूर जुळवावा तो ज्या आवाजात वाजवणार आहोत त्याच आवाजात.

दुसरीकडे, हाच कान मोठा दिलदारही आहे. जुन्या टेलिफोनच्या तारेतून 300 हर्ट्झच्या खालचं जवळजवळ काहीच येत नसे. तरी पुरुषाचा सेकंदाला शंभर-सव्वाशे कंपनांचा भरदार आवाज आपण लगेच ओळखत होतो. वरच्या स्वरांवरून मूळ स्वर काय असेल, हे मेंदू स्वतःच जुळवून घेतो. त्यामुळे गिटारच्या पेटीने तळापर्यंत सगळं पुरवलंच पाहिजे असं नाही. साधारण 80 ते 200 हर्ट्झचा पट्टा स्वच्छ आणि घट्ट वाजला, की गिटारला वजन येतं. त्याखालचा मुलूख बेस गिटारचा आणि ड्रमचा. त्यांच्या हद्दीत गिटारने घुसखोरी केली, तर तिघांपैकी कुणाचंच धड ऐकू येत नाही.

मिरजेचा कारागीर तंबोऱ्यासाठी भोपळा निवडतो, तेव्हा पुरुषी आवाजासाठी मोठा आणि बायकी आवाजासाठी लहान घेतो. प्रत्येक आवाजाला त्याच्या मापाची हवा लागते, हे तो पिढ्यान्‌पिढ्या जाणतो. गिटारच्या पेटीचंही तसंच आहे. नवा अ‍ॅम्प्लिफायर घेण्याआधी घरातल्या त्या मुलाला किंवा मुलीला एक सेल, एक पेचकस आणि एक दुपार द्या. पेटी जमिनीवर ठेवा, वायरी तपासा, फटी बुजवा आणि मग जाड तार छेडून ऐका. त्यानंतरही आवाज पातळ वाटला, तर खुशाल दुकानात जा. तोवर काय घ्यायचं हेही नीट कळलेलं असेल.



(रेडिओवरील भाषणाचे संपादित शब्दांकन)